टोपीला घासणारं छत आणि ७४ हजारांचं कोटेशन

जिंतूर तालुक्यातल्या एका सरांचा मेसेज आलाय. जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहेत, वय ४६. मेसेज लई लांबलचक होता म्हणून कामापुरता छाटून देतोय, नाव आणि शाळेचं गाव काढलंय.

"नमस्कार सर. माझी २०१३ ची डिझायर झेडडीआय आहे, डिझेल, ऑक्टोबर २०१३ चं पासिंग, १ लाख ३८ हजार किलोमीटर. इंजिन एकदम ओके, मेकॅनिक म्हणतो अजून लाखभर काढील. पण आतून पार दशा झालीय. छताचं कापड सुटून खाली आलंय, बायकोनं साडीच्या पिना लावून धरलंय, वडील मागं बसले की त्यांच्या टोपीला घासतं आणि टोपीवर पिवळा भुगा पडतो. ड्रायव्हर सीट फाटली, डॅशबोर्डला काचेच्या बाजूनं चीर गेलीय, डाव्या दाराचं पॅड हातात येतं, पावसाळ्यात आत कुबट वास येतो तो वेगळाच. संभाजीनगरच्या एका दुकानात दाखवली तर त्यांनी फुल इंटिरियरचे ७४,००० सांगितले, १२ महिने नो कॉस्ट ईएमआय. साडू पुण्याला असतात, ते म्हणतात मेलेल्या गाडीवर एवढे पैसे कशाला घालता, जीएसटी कमी झालाय, नवीन घ्या, डिझेल तर आता बंदच होणार. नवीन ऑनरोड ९ लाख २० हजाराला पडतेय, जुनीचे २ लाख १० हजार द्यायलेत, ६० हजार मी भरायचे, साडेसहा लाख लोन, ७ वर्षं, सव्वानऊ टक्के. पगार हातात ७८ हजार. घराचा हप्ता १९,५००, मुलगी लातूरला नीटच्या क्लासला आहे तिचं सगळं मिळून महिन्याला १४ हजार, घरखर्च २६ हजार, विम्याचे साडेतीन. सेव्हिंगला १ लाख १० हजार आहेत, आणि २ लाखाची एफडी आहे ती मुलीच्या अ‍ॅडमिशनसाठी. मिसेस म्हणतात छत तेवढं करा, बाकी राहू द्या. काय करावं?"

सर, तुम्ही मला सर म्हणलात, पण खरे सर तुम्ही, मी नांदेडला बसून लोकांचे हिशोब बघणारा माणूस. तुम्ही आकडे एवढे नीट दिलेत की अर्धं काम झालंच, नाहीतर लोक नुस्तं विचारतात "सर गाडी घेऊ का" आणि पगार विचारला की गप्प.

आधी साडूंचं बघू कारण ते डोक्यात बसलंय तुमच्या. डिझेल बंद होणार म्हणजे नेमकं काय? मारुतीनं डिझेल गाड्या बनवायच्या बंद केल्या एप्रिल २०२० पासून, बीएस-६ म्हणजे धुराचे नवे कडक नियम आले तेव्हा, हे खरं. पण बनवणं बंद झालं म्हणजे चालवणं बंद झालं असं नसतंय. आणि ते दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांवरच्या बंदीचं जे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय ते दिल्ली आणि आसपासच्या एनसीआरचं प्रकरण आहे, परभणीच्या पासिंगला, म्हणजे एमएच २२ ला, त्याचा काही संबंध नाही. आपल्याकडं प्रायव्हेट गाडीचं पासिंग १५ वर्षांचं, तुमचं संपतंय ऑक्टोबर २०२८ ला. त्यानंतर गाडी भंगारातच जाते असं पण नाही, आरटीओत गाडी दाखवायची, फिटनेस पास करायचं, पर्यावरण कर भरायचा आणि पाच वर्षांसाठी पुन्हा रजिस्ट्रेशन करून घ्यायचं. कारसाठी ही फी आधी ६०० होती ती एप्रिल २०२२ पासून ५,००० झालीय. म्हणजे तुमच्याकडं आज मार्च २०२६ मध्ये बघितलं तर अडीच वर्षं पक्की आहेत, तीस महिने धरा, आणि पुढची पाच तुमच्या मर्जीवर आणि गाडीच्या पत्र्यावर. पत्र्याचं का म्हणलो ते खाली येतंय.

हे तीस महिने मी का मोजायलोय, तर गाडीच्या आतल्या कामाला दुसरा कुठला हिशोबच लागू होत नाही. इंजिनचं काम केलं तर गाडी चालते, टायर टाकले तर जीव वाचतो, पण आतलं कापड-रेक्झिन-प्लास्टिक म्हणजे निव्वळ वापरायचा खर्च, घातला की गेला. मग तो किती महिने वापरायचाय एवढंच बघायचं. ७४ हजार भागिले तीस म्हणजे महिन्याला २,४६७. आता तुम्हीच सांगा, सीटवर बसायचं भाडं म्हणून महिन्याला अडीच हजार द्याल का? २०२८ नंतर पण ठेवली तर हे भाडं कमी होईल हे मला पण कळतंय, पण बारा वर्षांच्या गाडीत पुढच्या साडेसात वर्षांच्या हिशोबानं पैसे घालणं मी कुणालाच सांगत नाही, एक बैल आडवा आला की सगळं गणित रस्त्यावर.

नवीन गाडीचं. साडेसहा लाख, सव्वानऊ टक्के, ७ वर्षं, हप्ता बसतोय साधारण १०,५४०. सात वर्षांत व्याजच २ लाख ३५ हजार जातंय, म्हणजे जुन्या गाडीचे जे २ लाख १० हजार मिळायलेत ते पूर्ण व्याजात आणि वर पंचवीस. तुमच्या पगारातून घराचा हप्ता, पोरीचं, घरखर्च, विमा वजा केला तर हातात १५ हजार राहतात. त्यातून हा हप्ता गेला की राहिले साडेचार हजार, एवढ्यात महिना निघतो पण दवाखाना निघत नाही. आणि एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही पण लातूरला पोर पाठवलेल्या प्रत्येक घरात ती असतेच, पहिल्या फटक्यात मार्क नाही आले तर रिपीट करायचं का. देव करो आणि वेळ न येवो, पण रिपीट म्हणलं की अजून एक वर्ष १४ हजारानं, पावणेदोन लाखाला जातंय ते. त्या वर्षात गाडीचा हप्ता चालू असला तर एफडी मोडणार, दुसरं काही होणार नाही. पोरगी अभ्यासाला बसलीय तोवर घरात नवीन हप्ता आणू नका, एवढं माझं स्पष्ट मत, साडूंना पटो न पटो.

जीएसटी कमी झालाय हे खरंय, २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवर १८ टक्के झाला, आधी २८ आणि वर सेस होता. पण तो काय दिवाळीचा सेल नाही की रविवारी संपेल. आणि नवीन स्वस्त झाली की जुनीचा भाव पण खाली बसतो, तुम्हाला २ लाख १० सांगितले त्यात ते आलंच.

आता ७४ हजाराकडं. मला कोटेशनचा फोटो पाठवला होता तुम्ही, त्यात असं आहे, सीट कव्हर लेदर १६,०००, छत ९,०००, डॅशबोर्ड बदलणं २४,०००, चार दारांचे पॅड १४,०००, खालची मॅटिंग ६,०००, आणि अ‍ॅम्बियंट लाइट, म्हणजे आत लावायच्या शोभेच्या लाइटी, ५,०००. बेरीज बरोबर आहे, बाकी बरंच काही बरोबर नाही. तुमच्याकडं सेव्हिंगला १ लाख १० आहेत, तुमचा महिन्याचा बांधलेला खर्च आहे ६३ हजार. म्हणजे आत्ताच दोन महिन्याचा पण आधार नाही. त्यातून ७४ काढले तर राहिले ३६, म्हणजे पगार अडकला तर सतरा दिवस घर चालेल. झेडपीचा पगार महिना महिना लांबतो हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही.

नो कॉस्ट ईएमआयवर करू म्हणाल तर त्यात पण कॉस्ट असतीच, प्रोसेसिंग फी असते, व्याजाची रक्कम दुकानदारानं सोडली तरी त्या व्याजावरचा जीएसटी तुमच्या बिलात येतो, आणि रोख दिले असते तर जे दोन-चार हजार कमी करून घेतले असते ते गेलेच. वरून महिना ६,१६७ चा हप्ता. नको.

पण म्हणून काहीच करू नका असं मी म्हणणार नाही. मला असले सल्लागार आवडत नाहीत जे प्रत्येक खर्चाला उधळपट्टी म्हणतात. वडील मागं बसलेत, टोपीवर भुगा पडायलाय, कुणी पाहुणा बसला तर तुम्हाला शरम वाटायलीय, ह्याला पण किंमत आहे. रोज ज्या गाडीत बसायचं ती बसण्यासारखी पाहिजे. फक्त किंमत ७४ नाही, १८ च्या आसपास आहे. कशी ते सांगतो.

सगळ्यात आधी तो वास. तुम्ही जाता जाता लिहिलंय पण माझ्या मते अख्ख्या मेसेजमधली सगळ्यात महागडी ओळ तीच आहे. पावसाळ्यात कुबट वास म्हणजे कार्पेटखाली पाणी. ते येतं कुठून, तर एक म्हणजे एसीचा ड्रेन पाइप चोंदला की एसीचं पाणी बाहेर पडायच्या ऐवजी पुढच्या डाव्या बाजूला पायापाशी आत येतं. दुसरं म्हणजे दार. तुम्ही म्हणलात डाव्या दाराचं पॅड हातात येतं, त्या पॅडच्या मागं दाराला एक प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो, पावसाचं जे पाणी काचेच्या फटीतून दारात उतरतं ते आत येऊ नये म्हणून. कुणीतरी काच दुरुस्त करायला किंवा स्पीकर बसवायला पॅड उघडलं की तो कागद फाडतात आणि तसंच पॅड लावून टाकतात. मग पाणी पॅडच्या आतून थेट कार्पेटवर. तिसरं म्हणजे दाराचं बीडिंग, म्हणजे कडेची रबरी पट्टी, चपटी झालेली असते किंवा पुढच्या काचेचं सीलिंग सुटलेलं असतं. ह्यातलं बहुतेक काम हजार-दीड हजारात होतं. पण नाही केलं आणि वरून त्या दुकानदाराची सहा हजाराची मॅटिंग ठोकली तर काय होतंय बघा, ओलं कार्पेट झाकलं जातं, पाणी सुकायला जागा नाही, आणि खालचा पत्रा आतून खायला लागतो. २०२८ ला फिटनेसला गाडी न्याल तेव्हा फरशी गंजलेली निघाली तर पुढच्या पाच वर्षांचा विषयच संपला. म्हणून वर पत्रा म्हणलो. वास गेल्याशिवाय आत एक रुपयाचं कापड टाकायचं नाही.

मग छत. इथं वहिनी बरोबर आहेत. हे काम करायचंच, पण कसं करतात ते समजून घ्या म्हणजे फसणार नाही. छत म्हणजे वर एक पुठ्ठ्यासारखा कडक बोर्ड असतो, त्याला पातळ फोम, आणि फोमला कापड. कापड आणि बोर्ड दोन्ही ठीक असतात, मधला फोम मरतो. बारा उन्हाळे आपल्याकडचे, शाळेच्या मैदानात लिंबाची सावली सकाळी असते दुपारी नसते, मे महिन्यात बंद गाडीत आतलं तापमान साठच्या पुढं जाणं काही विशेष नाही, त्यात तो फोम कोरडा पडून भुगा होतो. वडिलांच्या टोपीवर पडतोय तो तोच. आता कुणी म्हणला "साहेब बोर्ड कशाला काढायचा, वरूनच सोल्यूशन मारून चिकटवतो, अर्ध्या तासात काम", तर चहा पिऊन निघून या. भुग्यावर काय चिकटणार? शेणामातीनं सारवायच्या आधी भिंत झाडून घेतातच की. बोर्ड गाडीतून बाहेर काढला पाहिजे, जुना फोम ब्रशनं घासून पूर्ण काढला पाहिजे, मग फोमवालंच नवीन कापड, आणि उष्णता झेलणारं रबराचं सोल्यूशन, फेव्हिकॉल एसआर वगैरे त्यातलं, दोन्ही बाजूला लावून हाताला चिकटेना इतकं सुकू द्यायचं आणि मग बसवायचं. पूर्ण दिवस जातो. मी परभणीतल्या दोन कुशनवाल्यांना फोन करून विचारलं, एकजण साडेचार म्हणला, एकजण पाच हजार. संभाजीनगरचे ९ त्याच कामाचे आहेत, फक्त दुकानाला काच आहे आणि एसी आहे.

सीट. लेदर म्हणून जे १६ हजाराला द्यायलेत ते लेदर नसतंय, चांगल्यातलं रेक्झिन असतंय, आणि मे महिन्यात त्याच्यावर बसून बघा पाठीला शर्ट चिकटून निघतो. तुमची सीट फाटलीय ड्रायव्हरची एकट्याची, आणि माझा अंदाज आहे की नुसतं कापड नाही, आतला फोम पण डाव्या-उजव्या कडेला चेपला असेल कारण उतरताना माणूस त्याच कडेवरून घसरतो. तर ड्रायव्हर सीटचा फोम भरून घ्या आणि पूर्ण गाडीला कापडी कव्हर शिवून घ्या, रेडिमेड नको, मापाचं. आठ-साडेआठ हजारात होतं. एक लक्ष ठेवा, मागच्या सीटचे बेल्टचे बक्कल कव्हरच्या खाली गाडले जाऊ देऊ नका, हे लोक शिवताना दाबून टाकतात आणि मग मागं कुणी बेल्टच लावत नाही.

दाराच्या पॅडला १४ हजार कशाला? पॅड सुटतं ते क्लिपा तुटल्यामुळं, आणि क्लिप म्हणजे दहा-वीस रुपयाची वस्तू. क्लिपा, आतला प्लास्टिकचा कागद, जिथं हात ठेवतो तिथलं कापड, असं धरून चारी दारांचे दोन-सव्वादोन हजार.

डॅशबोर्डला हात लावू नका. चीर उन्हानं गेलीय, ती दिसते वाईट पण करत काही नाही. डॅशबोर्ड बदलायचा म्हणजे स्टेअरिंग खोला, एसीचे डक्ट काढा, अख्खं वायरिंग सोडवा, आणि इतकं करून परत बसवला की कुठंतरी खडखड वाजायला लागते ती मरेपर्यंत सापडत नाही. त्यावर रेक्झिन चढवून देतो म्हणणारे पण भेटतील, त्यांना तर अजिबातच नाही, तुमची झेडडीआय आहे म्हणजे पुढं दोन एअरबॅग आहेत, डावीकडची त्या डॅशबोर्डमधूनच उघडते, तिच्यावर कापड ताणून चिकटवलं तर वेळेला काय होईल सांगता येत नाही. वरती एक साधी डॅशबोर्ड मॅट टाका, एअरबॅगची जागा मोकळी सोडलेली बघून घ्या, आणि काचेला लावायचा घडीचा सनशेड घ्या, शाळेत उभी केली की रोज लावायचा. दोन्ही मिळून अकराशे. आणि ते चकाचक करणारं तेलकट पॉलिश मारू नका, दुपारी त्याची चकाकी पुढच्या काचेवर येते आणि समोरचं दिसत नाही.

अ‍ॅम्बियंट लाइट. सर, आपल्याला जिंतूरहून शाळेवर जायचंय, हॉटेल नाही टाकायचं. जुनी वायरिंग कापून जोड मारतात ते वेगळंच. पाच हजार तिथंच वाचले.

बेरीज करा. पाण्याचे दीड हजार, छत साडेचार, सीट साडेआठ, दारं दोन हजार दोनशे, मॅट आणि सनशेड अकराशे, झाले १७,८००. तीस महिन्याला भागलं तर महिना ५९३. हे मला पटतंय. वडिलांना नीट बसता येतं, पाहुणा आला तर मान खाली घालायची गरज नाही, आणि सेव्हिंगमध्ये ९२ हजार शिल्लक.

मघाशी लिहायचं राहिलं, तुमच्या मेसेजच्या शेवटी एक ओळ होती की दुकानदार म्हणाला इन्शुरन्समधून बसवून देतो, एखादा छोटा अ‍ॅक्सिडेंट दाखवू. हे करू नका. वापरून झिजलेल्या गोष्टीला पॉलिसीत क्लेम नसतोच, आणि खोटा अपघात दाखवणं म्हणजे फसवणूक, तुम्ही सरकारी नोकर आहात. बरं ते सोडा, नुस्ता पैशाचा हिशोब केला तरी तोट्यात जाता. प्लास्टिक आणि रबराच्या पार्टवर साध्या पॉलिसीत पन्नास टक्के घसारा कापतात, म्हणजे अर्धे पैसे तुमच्याच खिशातून. आणि पाच वर्षं क्लेम नसेल तर नो क्लेम बोनस, म्हणजे प्रीमियममधली सूट, ५० टक्क्यापर्यंत गेलेला असतो, तो एका क्लेममध्ये शून्यावर येतो.

आता विकण्याच्या बाजूनं पण बोलतो, कारण कुणीतरी म्हणेलच की आतून चकाचक केली तर भाव जास्त येईल. माझाच किस्सा. माझ्याकडं जुनी अल्टो होती, २०१७ ला मी हौसेनं तिचं आतलं सगळं केलं, सीट, छत, मॅटिंग, टेप, बावीस हजार घातले, लोकांना हिशोब शिकवणारा माणूस मी. पाच महिन्यानं विकायला काढली. जुन्या गाड्यांचा व्यवहार करणारा आला, बॉनेट उघडलं, ऑइलचं झाकण काढून धूर बघितला, दाराच्या कडा चाचपून ठोकलेली आहे का बघितलं, आरसी बघितली, टायरला नख लावलं, आणि आत फक्त वाकून किलोमीटर बघितले. नवीन सीटवर बसला पण नाही. मी म्हणलं अहो आतलं सगळं नवीन केलंय, तर म्हणला "छान केलंय की", आणि भाव तोच. त्या दिवसापासून मला एक समजलं, आतून फाटकी दिसली तर घेणारा दहा हजार कापतो, नवी दिसली म्हणून एक हजार वाढवत नाही. म्हणून छत आणि फाटकी सीट नीट करण्यात अर्थ आहे, त्याच्या पुढं सगळी आपली हौस. तुम्ही जर येत्या सहा महिन्यात विकणारच असाल तर सीट पण करू नका, छत करा, आतून एकदा धुवून घ्या, द्या.

वाचलेल्या ५६ हजाराचं काय? ते खर्च करायचे नाहीत, पण त्यातले वीसेक हजार गाडीच्याच नावानं डोक्यात ठेवा. १ लाख ३८ हजाराची डिझेल गाडी आहे, क्लच कधीही हात वर करू शकतो. आणि टायर बघा आज. टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो, १४१९ लिहिलं असेल तर २०१९ च्या चौदाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांच्या टायरवर मे महिन्यात पोरीला आणायला लातूरला जाऊ नका. अ‍ॅम्बियंट लाइटचे पाच हजार म्हणजे एक टायर असतो. हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवली नसेल तर ती पण करून टाका, एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना लागते, कारला ७४५ अधिक जीएसटी, आणि ऑनलाइन बुक करताना सरकारी पोर्टलवरूनच करा, तसल्याच नावाच्या बनावट साइट लई निघाल्यात.

आणि जो साडेदहा हजाराचा हप्ता तुम्ही भरायला तयार होतात, त्यातले सहा हजार महिन्याला आरडीत टाका, पगाराच्या दुसऱ्याच दिवशी कटतील असे. महिन्याच्या शिल्लक पंधरातले उरलेले नऊ हजार खात्यात पडू द्या, घरखर्चाचा आधार आधी सहा महिन्यावर आणायचाय. तीस महिन्यानं आरडीचे साधारण एक लाख नव्वद-पंच्याण्णव हजार होतील. तोवर पोरगी कुठंतरी लागलेली असेल, गाडीला लाख-सव्वालाख तरी येतील, म्हणजे तीन लाखाच्या आसपास हातात घेऊन तुम्ही शोरूमला जाल, आज जुनीचे २ लाख १० आणि हातचे ६० मिळून २ लाख ७० हजारच होतायत. लोन थोडं कमी, आणि गाडी कुठली घ्यायची ते साडूंना विचारून घ्या, त्यांना आनंद वाटेल. पोरीनं रिपीट केलं तर आरडी तिथंच वापरायची आणि ह्याच गाडीचं फिटनेस करून दोन-तीन वर्षं पुढं ढकलायचं, त्यात कमीपणा कसला.

येत्या रविवारी हे करा. पायाखालच्या रबरी मॅट काढा, चारी जागी कार्पेट हातानं दाबून बघा, मग वर्तमानपत्राचे दोन-दोन थर टाका. एक बादली पाणी डाव्या दाराच्या काचेवर सावकाश ओता, आत बसून बघा कुठून येतंय. दुसऱ्या दिवशी अर्धा तास एसी लावून गाडी उभी करा आणि गाडीखाली पाणी टपकतंय का बघा, टपकत नसेल तर ते आत उतरायलंय. कागद ओला निघाला तर गाडी कुशनवाल्याकडं न्यायची नाही, आधी मेकॅनिककडं. कागद कोरडा असला तर सरळ परभणीला, सकाळी लवकर, म्हणजे संध्याकाळी सोल्यूशन सुकून गाडी हातात येईल, त्या रात्री काचा थोड्या खाली ठेवून उभी करा, वास लई असतो.

आणि वहिनींना सांगा छताच्या पिना काढताना मोजून काढा, किती लावल्या ते त्यांनाच माहीत. एखादी जरी सीटच्या फटीत राहिली तर ती वडिलांनाच सापडणार.